‘आपले’ म्हणायचं नाही

“फायनल किती वाजता?”

अण्णांनी ऑक्सिजनचा मास्क हनुवटीवर ओढून मला विचारलं. तीन दिवसांत त्यांनी स्वतःहून काढलेले हे पहिले शब्द. मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसून मोसंबं सोलत होते.

“उद्या साडेतीनला. मास्क लावा आधी.”

“माइकवर कोण आहे?”

“लोखंडेच असणार. दुसरं कोण?”

“मेलो,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

पलीकडच्या खाटेवर गुलाबभाई तांबोळी होते, टेम्पोवाले. पायाला प्लॅस्टर होतं, तरी पोट हलवून हसले. “अहो अण्णा, दवाखान्यात असलं बोलू नये माणसानं. इथं लगेच लिहून घेतात.”

अण्णा म्हणजे केशव रणपिसे. फॅक्टरीतून टर्नर म्हणून निवृत्त झालेले आणि खडकीच्या ‘बाजार बॉईज’ या हॉकी क्लबचे सगळ्यात जुने प्रेक्षक. तरुणपणी एक मोसम ते या क्लबचे गोलकीपर होते. त्या मोसमात अकरा गोल खाल्ले आणि त्यानंतर सगळ्यांच्याच हिताचं म्हणून प्रेक्षकांत जाऊन बसले, ते कायमचे. मैदानाच्या कडेला लिंबाखाली त्यांची घडीची खुर्ची असायची. तिथं दुसरं कुणी बसलं तर पोरंच त्याला उठवायची.

आणि त्या खुर्चीतून ते पंचांवर नाही, खेळाडूंवर नाही, तर माइकवर बोलणाऱ्या लोखंड्यांवर चिडायचे. लोखंडे डेपोत हेडक्लार्क होते. आवाज खणखणीत, भाषा शुद्ध आणि मन पूर्णपणे ‘डेपो इलेव्हन’कडे. डेपोने गोल केला की कर्ण्यातून “गोऽऽऽल” असा आवाज निघायचा की झाडावरचे कावळे उडायचे. बाजारने केला की लोखंडे घसा साफ करून म्हणायचे, “बाजार संघाला एक गोल मिळालेला आहे.”

“मिळालेला आहे!” अण्णा घरी आल्यावर चहाचा कप आपटायचे. “रस्त्यात पडला होता काय? पोरांनी केला की नाही? डेपो गोल ‘करतो’ आणि आम्हाला ‘मिळतो’!”

याबद्दल त्यांनी स्पर्धेच्या समितीला किती पोस्टकार्डं पाठवली असतील देव जाणे. बाद फेरीबद्दलही त्यांची मतं ठाम होती. साखळीत कुणीही जिंकतं, बाद फेरीत कळतं कुणाच्या छातीत किती दम आहे, असं म्हणायचे. आणि सोडतीत डेपोला नेहमी सोपी बाजू कशी येते, हे ते बोटं मोडून मला समजावून सांगायचे. मी शिवणाच्या मशीनवर बसून हूं हूं करायचे. क्लबच्या शर्टांवर पाठीमागे नंबर शिवायचं काम माझ्याकडे असायचं, त्यामुळे खेळाडूंची नावं मला येत नव्हती, नंबर तेवढे पाठ होते.

पण एक सांगते, माणूस सरळ होता. टीव्हीवर भारताची मॅच लागली आणि आपला निवेदक आपल्याच बाजूने फार ओढायला लागला, तरी अण्णा तेवढेच तापायचे. “समोरच्यानं सुरेख पास दिला, तो गिळला की यानं!” म्हणून टीव्हीला सुनवायचे. एकदा मी चेष्टेने म्हटलं, “तुमच्या बाजूचं खोटं चालत नाही का तुम्हाला?” तर म्हणाले, “आपल्या बाजूनं खोटं बोलणारा लोखंडेपेक्षा वाईट. लोखंडेचं खोटं कळतं तरी. आपल्या माणसाचं गोड लागतं.”

मी त्यांची सून. म्हणजे, होते.

त्यांचा एकुलता एक मुलगा शिरीष माझ्याशी लग्न करून दोन वर्षांत मस्कतला गेला आणि तिथल्या एका नर्सबरोबर राहायला लागला. मग घटस्फोटाचे कागद घेऊन आला. मी आतल्या खोलीत होते, दार लोटलेलं होतं, सगळं ऐकू येत होतं.

“अण्णा, तुम्ही मध्ये पडू नका,” शिरीष म्हणाला.

“मी मध्ये पडत नाही. मी शिट्टी वाजवतोय. फाउल तुझा आहे.”

“मी तुमचा पोरगा आहे.”

“म्हणून शिट्टी गिळू का? सही पाहिजे तर ती देईल. पण ती या घरातून जाणार नाही. बाहेर तू जायचंस.”

शिरीष गेला. मी सही केली. श्रीगोंद्याहून माझा भाऊ न्यायला आला, तेव्हा अण्णा त्याला म्हणाले, “तिला यायचं असेल तर येईल. पण हकालपट्टी तिची नाही झालेली.” मी राहिले. सासूबाई आधीच गेलेल्या, घरात आम्ही दोघंच.

मात्र निकालाचा कागद हातात आला त्या दिवसापासून अण्णांनी मला सूनबाई म्हणणं बंद केलं. नुसतं “शैला.” एकदा न राहवून मी विचारलं, तर म्हणाले, “कागदावर नाही ते तोंडावर कशाला?” खरं होतं त्यांचं. पण मला ते असं लागलं की मीही बोलणं बदललं. तुमचं घर, तुमचे पाहुणे, तुमची टीम. सहा वर्षं मी ‘आपलं’ हा शब्द त्या घरात उच्चारला नाही. भावाचं पत्र यायचं, किती दिवस परक्याच्या दारात राहणार म्हणून, आणि मी ते मशीनच्या खणात टाकायचे. या माणसाने मला न्याय म्हणून ठेवून घेतलंय की माया म्हणून, हेच मला कळत नव्हतं. न्यायावर माणूस राहतो, पण त्याला त्या घराच्या भिंतीला टेकून बसता येत नाही.

त्यात हा दवाखाना. सेमीफायनलच्या दिवशी अण्णांना श्वास घेता येईना, म्हणून रिक्षात घालून आणलं. दाखल करताना खिडकीवरच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, “तुम्ही पेशंटच्या कोण?”

मी गडबडले. सून म्हणावं तर कागदाने नाही. शेवटी म्हणाले, “मी त्यांच्याकडे राहते.”

त्याने ‘नातं’ या रकान्यात लिहिलं, भाडेकरू. अण्णा मागे स्ट्रेचरवर होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

तर त्या शुक्रवारी अण्णांनी मिटलेले डोळे परत उघडले. “मॅच तू सांग मला. फोनवरून.”

“मी? मला हॉकीतलं काय कळतं?”

“नंबर वाचता येतात ना? बास झालं. लोखंडेला डेपोची बाजू. क्लबातल्या पोरांना क्लबाची. तुला बाजू नाही. तू मधली.”

मधली. मी मोसंब्याची फोड त्यांच्या हातावर ठेवली.

“मैदानावर पोपटच्या टपरीला रुपयावाला फोन आहे,” अण्णा म्हणाले. “तिथून सगळं मैदान दिसतं.”

“आणि इथं माझा मोबाइल घ्या,” गुलाबभाई म्हणाले. “येणाऱ्या फोनला पैसे पडत नाहीत आता. माझा पुतण्या डेपोकडनं खेळतो, ते सोडा. फोनला कुठं टीम असते?”

अण्णांनी दोन बोटं वर केली. “दोन गोष्टी लक्षात ठेव. दिसेल तेच सांगायचं. आणि ‘आपले’ म्हणायचं नाही. प्रेक्षकानं म्हणावं. पण मॅच सांगणारा ‘आपले’ म्हणाला की तो खोटं बोलायला लागला म्हणून समज.”

“मी कुठं म्हणते?” मी म्हणाले.

“नाही म्हणत,” अण्णा म्हणाले. “म्हणूनच तुला सांगतोय.”

संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. फार तर दोन-तीन दिवस, मुलाला कळवा, असं म्हणाले. मी मस्कतला फोन लावला. शिरीष म्हणाला, रजा मिळत नाही. मग म्हणाला, “आणि त्यांनीच मला बाहेर काढलं होतं ना?”

शनिवारी सकाळी अण्णांनी विचारलंच. “शिरीषला फोन केलास?”

“केला.”

“काय म्हणाला?”

मी रात्रभर काही बाही जुळवलं होतं. विमानाचं तिकीट, रांग, सोमवारपर्यंत येतो. पण ते डोळे समोर आले आणि माझ्याने खोटं बोलवेना. “रजा मिळत नाही म्हणाला.”

“आणखी?”

“तुम्हीच त्याला बाहेर काढलं होतं म्हणाला.”

अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. तसेच म्हणाले, “खरं सांगितलंस. बरं केलंस.” पण त्यांचा हात चादरीवर उगाच काहीतरी चाचपडत होता. त्या दिवशी त्यांनी पेजेचा घोटही घेतला नाही. इतक्या वर्षांत मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

साडेतीनला मी पोपटच्या टपरीवर होते. फोन खांबाला लटकवलेला, वायर तोकडी. बाकावर उभं राहिलं तरच मैदान दिसायचं. पोपटने बाक ओढून दिला, रुपयांची नाणी भरून एक कप दिला आणि लोकांना ओरडून सांगितलं, “वैनींच्या म्होरं कुणी थांबायचं न्हाई. अण्णांना मॅच सांगायलेत त्या.” माणसं खरंच बाजूला झाली. एकोणीस वर्षांनी बाजार फायनलला आला होता, आणि अण्णांची खुर्ची लिंबाखाली कुणीतरी घडी उघडून रिकामीच ठेवली होती.

मिनिटा-मिनिटाला फोन टुंग टुंग करायचा आणि मी नाणं सरकवायचे.

“सुरू झाली,” मी म्हणाले. “सहाने चारला दिला. चारने... अगंबाई, हा का पडला?”

“कुठला पडला? बाजारचा का डेपोचा?”

“बाजारचा. सात नंबर.”

“पाडला का पडला?”

मी पाहिलं तसं सांगितलं. “आपणहून पडला. पाय घसरला.”

“शाबास,” अण्णा म्हणाले. “लोखंडे काय म्हणतो?”

“खेळाडू नाटक करतोय म्हणाला.”

“बघ. घसरला ते घसरला. नाटक कसलं? लोखंडेचं तोंड घसरतं त्याला कोण काय म्हणतं?”

मागे गुलाबभाई हसल्याचं ऐकू आलं. अण्णांचा आवाज हळूहळू वर येत होता. मला वाटलं, मॅच अशीच चालू राहावी, संपूच नये.

हाफ टाइमच्या थोडं आधी डेपोने गोल केला. कर्णा फुटेल असा लोखंड्यांचा “गोऽऽऽल” आला. मला सांगायची गरजच पडली नाही.

“कसा केला?” अण्णांनी विचारलं.

“चांगला केला,” मी म्हणाले. काय करणार, चांगलाच होता. “अकरा नंबरने तिघांना चकवलं.”

“हां. अकरा नंबर आहेच खेळणारा,” ते म्हणाले. “तुमचा पुतण्या का हो, गुलाबभाई?” “माझाच,” मागून गुलाबभाई म्हणाले.

दुसऱ्या हाफमध्ये बाजारच्या नऊ नंबरने बरोबरी केली. टपरीवरची माणसं एकमेकांच्या अंगावर पडली, माझा बाक हलला, मी एका हाताने खांब धरला.

“ऐकलं!” अण्णा फोनमध्ये ओरडले. “मिळालेला आहे म्हणाला! ऐकलं मी! तू सांग, शैला, मिळाला का केला?”

“केला, अण्णा. मारून केला.”

त्यावर ते हसले आणि हसता हसता खोकला इतका आला की गुलाबभाईंनी फोन घेतला. “वैनी, जरा थांबा. पाणी देतो.” मग परत अण्णा आले. आता आवाज बारीक झाला होता. “किती राहिलं?”

“पाच मिनिटं.”

“बोलत राहा. काही झालं तरी बोलत राहा.”

मी बोलत राहिले. तीनने आठला दिला, आठने घालवला, चेंडू बाहेर, चेंडू आत. शेवटची दोन मिनिटं असताना डेपोला पेनल्टी कॉर्नर मिळाला. सगळं मैदान गप्प झालं. मीही गप्प झाले. बाजारची पोरं गोलच्या रेषेवर ओळीने उभी राहिली. माझ्याच हाताने शिवलेले नंबर त्यांच्या पाठीवर होते, एकाचा पाच जरा वाकडा लागला होता. कानाजवळ फोन टुंग टुंग करत होता आणि मी नाणं टाकायला विसरले. फोन कट झाला.

डेपोच्या अकरा नंबरने चेंडू मारला. गोलच्या फळीवर आदळल्याचा खाडकन आवाज आला. मग लोखंडे. मग शेवटची शिट्टी आणि डेपोवाल्यांची हलगी.

मी नाणं हातात धरून उभी होते. पोपट खाली मान घालून कप विसळायला लागला. नऊ नंबरचा पोरगा मातीत बसला होता. मला सकाळचा तो हात दिसत होता, चादरीवर चाचपडणारा. सकाळी एक खरं सांगून झालं होतं. आता हे दुसरं, तेही त्याच तोंडाने, त्याच दिवशी. मी नाणं टाकलं आणि फोन फिरवला.

“कट का झाला?” अण्णांनी पहिल्या घंटीलाच उचलला.

“रुपया टाकायला विसरले.”

“काय झालं? गलका कसला?”

मी फोनच्या तोंडाभोवती ओंजळ धरली. “गोल झाला, अण्णा.”

“कुणाचा?”

“आपला.”

मी घाईघाईने पुढे बोलत सुटले. “आपल्या नऊ नंबरने केला. शेवटच्या मिनिटाला. आपण जिंकलो, अण्णा.”

“कुणी जिंकलं म्हणालीस?”

“आपण.”

“परत सांग.”

“आपण जिंकलो.” माझा आवाज फाटला. आनंदाने फाटला असं त्यांना वाटू दे, असं मी मनात म्हणत होते.

त्यांचा श्वास ऐकू येत होता, मोठा, ओढून घेतलेला. मग म्हणाले, “बरं झालं. येताना बर्फी घेऊन ये.”

“बर्फी? पेढे आणते ना.”

“पेढे नाही. बर्फी. सगळ्या वॉर्डाला पुरेल एवढी.”

बाजारात शोककळा होती. मिठाईच्या दुकानात हिरालालजी काउंटरला टेकून उभे होते. त्यांच्याच पैशाने त्या वर्षीचे शर्ट आले होते. मी बर्फी मागितली तेव्हा त्यांनी माझ्याकडे वेडीकडे बघावं तसं बघितलं.

“वैनी, आपण हरलो. कळलं नाही का तुम्हाला?”

“कळलं.”

“मग बर्फी कशाला?”

“अण्णांना पाहिजे.”

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. डबा भरला, दोरा बांधला, मग परत सोडून वर आणखी दोन तुकडे ठेवले.

वॉर्डात गेले तर अण्णा उशीला टेकून बसले होते. कुणीतरी त्यांचे केस विंचरले होते. डबा त्यांनी मांडीवर घेतला आणि नर्सला, झाडूवाल्या मावशींना, कोपऱ्यातल्या आजारी पोलिसाला, सगळ्यांना बोलावून स्वतःच्या हाताने बर्फी दिली. नर्सने विचारलं, “कशाची हो, आजोबा?”

“आनंदाची,” ते म्हणाले. तेवढंच.

मग गुलाबभाईंची पाळी आली. पुतण्याने शेवटचा गोल केलेला, उशाशी मोबाइल. त्यांना कळलं नसेल असं होणारच नव्हतं. मी अण्णांच्या मागे उभी राहून त्यांना हात जोडले. गुलाबभाईंनी माझ्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि बर्फी तोंडात टाकून म्हणाले, “मुबारक हो, अण्णा.”

“तूही घे,” अण्णा मला म्हणाले.

“नंतर घेते.”

“तुझी ठेवतो मग.”

जो माणूस एका गोलाबद्दल तीस प्रश्न विचारायचा, त्याने त्या संध्याकाळी मॅचबद्दल एक शब्द विचारला नाही. नऊ नंबरने कुठून मारला, पास कुणी दिला, लोखंड्यांचं तोंड कसं झालं, काही नाही. मी मनात देवाचे आभार मानले. थकलेत, असं वाटलं. भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “नीट जा. घराचं मागचं दार लावून घे.”

मी घरी गेले आणि मागचं दार लावलं. आता वाटतं, तेव्हाच परत जाऊन सांगायला हवं होतं, अण्णा, मी खोटं बोलले. बोलले नाही. वाटलं, सकाळी बघू.

रविवारी सकाळी आठ वाजता पेजेचा डबा घेऊन गेले, तर खाटेवरची चादर बदललेली होती.

साडेसहाला गेले म्हणे, शांतपणे. नर्स काय काय सांगत होती, मला तिचे ओठ हलताना दिसत होते. मी खाली बसून कपाटातलं त्यांचं सामान गोळा करायला लागले. चष्मा, टॉवेल, न पाठवलेलं एक पोस्टकार्ड.

“ताई,” गुलाबभाईंनी हाक मारली. कालपर्यंत मला वैनी म्हणायचे ते. “हे तुमचं राहिलंय.”

बर्फीचा रिकामा डबा होता. आत कागदात गुंडाळलेला एक तुकडा.

“गुलाबभाई, तुम्ही काल बोलला नाहीत, तुमचे उपकार झाले,” मी म्हणाले. “जिंकल्याच्या आनंदात गेले ते. माझं पाप माझ्यापाशी.”

गुलाबभाई प्लॅस्टरच्या पायाकडे बघत म्हणाले, “ताई, त्यांना ठाऊक होतं.”

“काय?”

“तुमचा फोन ठेवला आणि मला म्हणाले, हरलो बरं का, गुलाबभाई. तुमच्या पुतण्यानंच मारला असेल. मी म्हटलं, पण त्या तर जिंकलो म्हणाल्या ना? तर म्हणाले, ती ‘आपला’ म्हणाली. सहा वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. म्हणजे खोटं बोलली.”

मी हातातला चष्मा टॉवेलमध्ये गुंडाळला.

“मी म्हटलं, अण्णा, हरलात मग मिठाई कसली वाटताय? आणि तुमच्यात तर जिंकल्यावर पेढे वाटतात. तर हसायला लागले. म्हणाले, मुलगा झाल्यावर पेढे असतात. मुलगी झाली की बर्फी.” गुलाबभाईंनी डोळे पुसले. “एवढंच म्हणाले, ताई. मग मला म्हणाले, केस विंचरून द्या जरा.”

मी तिथेच, खाटेला टेकून, तो तुकडा खाल्ला. तोंडात गेला तरी मला चव कळली नाही. मी मोठ्याने रडत होते आणि कुणी मला गप्प करत नव्हतं. एकच शब्द होता तो. तो मी सहा वर्षं रोज म्हणू शकले असते.

दहा वाजता खाली खिडकीवर गेले. कारकून तोच होता. त्याने रजिस्टर उघडलं, बोट ओळीवरून फिरवलं आणि म्हणाला, “बॉडी नातेवाइकांच्याच ताब्यात देता येते. इथं भाडेकरू लिहिलंय.”

“ते चुकलंय. खोडा.”

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. “मग काय लिहू?”

“मुलगी,” मी म्हणाले.

त्याने भाडेकरूवर आडवी रेघ मारली. तो वर नवा शब्द लिहीपर्यंत मी खिडकीला टेकून, वाकून बघत राहिले.